पहिला स्नॅपशॉट उडवला तर बाकीचे जातील का? सर्च डेटाबेसचा बॅकअप आणि रिस्टोर

हे या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. ऐकताना आकडे आणि पायऱ्या निसटतात असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात, म्हणून बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे देते. लोकलमध्ये उभ्या-उभ्या फोनवर वाचता येईल इतपत सुटसुटीत ठेवलंय.

विषय आला एका श्रोत्याच्या मेसेजवरून. एका छोट्या कंपनीत तो एकटाच सगळे सर्व्हर सांभाळतो. त्याने लिहिलंय: "आमच्याकडे इलॅस्टिकसर्च आहे. रोज रात्री स्नॅपशॉट निघतो. क्लाउडचं बिल वाढलं म्हणून साहेब म्हणतात, जुने उडव. पण पहिला स्नॅपशॉट हाच पूर्ण बॅकअप ना? नंतरच्यांत फक्त बदल आहेत. पहिला उडवला तर बाकीचे कामातून जातील का?"

थोडक्यात उत्तर असं की बाकीचे कामातून जाणार नाहीत. पण बिलही लगेच कमी होईलच असं नाही. दोन्हींचं कारण एकच आहे, आणि ते समजून घेतलं की बॅकअपबद्दलचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी सर्च डेटाबेस म्हणजे काय ते

शॉपिंग अ‍ॅपमध्ये तुम्ही 'निळा कुर्ता' टाइप करता आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत यादी समोर येते. तिथे लाखो वस्तू एकेक करून तपासल्या जात नाहीत. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते बघा, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. सर्च डेटाबेस म्हणजे अशीच एक अवाढव्य शब्दसूची. 'निळा' हा शब्द कुठल्या नोंदींत आहे, 'कुर्ता' कुठल्या, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं.

ही सूची बनवणारी लायब्ररी म्हणजे लुसीन. डग कटिंग यांनी ती १९९९ मध्ये लिहिली. तिच्यावर शाय बॅनन यांनी इलॅस्टिकसर्च उभं केलं, त्याची पहिली आवृत्ती २०१० ची. २०२१ मध्ये त्यातूनच ओपनसर्च फुटून निघालं. मराठी विकिपीडियावर तुम्ही काही शोधता तेव्हा मागे याच घराण्यातलं इंजिन चालू असतं. आज मी उदाहरणं इलॅस्टिकसर्चची देते, पण मूळ कल्पना ओपनसर्चलाही लागू आहे.

खाडाखोड न करणारी वही

आता गाभ्याचा मुद्दा. जुन्या पेढीवर हिशेब कसा ठेवत, ते आजोबांकडून ऐकलं असेल. व्यवहार झाला की आधी तो रोजकीर्दीत टिपायचा, मग सवडीने खतावणीत नीट लावायचा. इलॅस्टिकसर्चमध्येही तसंच आहे. नवी नोंद आली की ती एकीकडे ट्रान्सलॉग नावाच्या फाइलीत टिपली जाते, ही रोजकीर्द. दुसरीकडे मेमरीत शब्दसूची तयार होत असते. साधारण दर सेकंदाला त्या सूचीची एक छोटी स्वतंत्र वही बनते. तिला म्हणतात सेगमेंट.

सेगमेंट एकदा बनला की त्यात बदल होत नाही. कधीच नाही. मग एखादी नोंद डिलीट केली तर? सेगमेंटला हात न लावता बाजूला एक छोटी फाइल बनते, 'अमुक नोंद रद्द' असं सांगणारी. नोंद बदलली तर? जुनी रद्द, आणि नवी पुढच्या सेगमेंटमध्ये.

असं करत करत छोट्या वह्यांचा ढीग होतो. म्हणून इंजिन अधूनमधून चार-पाच वह्या घेतं, त्यांतल्या चालू नोंदी एका नव्या मोठ्या वहीत उतरवतं आणि जुन्या वह्या रद्दीत टाकतं. याला म्हणतात मर्ज. रद्द झालेल्या नोंदी खऱ्या अर्थाने डिस्कवरून जातात त्या या वेळी.

तीन गोष्टी लक्षात ठेवा: सेगमेंट नवे बनतात, मर्ज होऊन जातात, पण बदलत नाहीत. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

स्नॅपशॉट काढताना काय होतं

डेटा मोठा असेल तर इंडेक्सचे तुकडे करून वेगवेगळ्या मशीनवर ठेवतात. तुकडा म्हणजे शार्ड. मूळ तुकडा प्रायमरी, त्याची जोडप्रत रेप्लिका. स्नॅपशॉटची आज्ञा मिळाली की मास्टर नोड सगळ्यांना कामाला लावतो आणि प्रत्येक प्रायमरी शार्ड ज्या मशीनवर आहे, ते मशीन आपापला भाग सांभाळतं. रेप्लिकाची नक्कल घेतली जात नाही, गरजच नसते.

प्रत्येक शार्डवर घडतं ते असं. मेमरीत असलेलं आधी डिस्कवर पक्कं केलं जातं. मग 'या क्षणी शार्डमध्ये या या फायली आहेत' अशी यादी गोठवली जाते. स्नॅपशॉट चालू असताना मर्ज झाला तरी यादीतल्या फायली काम संपेपर्यंत रद्दीत जात नाहीत. त्यामुळे स्नॅपशॉट चालू असतानाही नव्या नोंदी घेणं आणि सर्च दोन्ही सुरू राहतं.

नंतर ही यादी रिपॉझिटरीतल्या यादीशी ताडून बघितली जाते. रिपॉझिटरी म्हणजे बॅकअप ठेवायची जागा: अ‍ॅमेझॉन, गूगल किंवा अ‍ॅझ्युअरची क्लाउड बादली, नाहीतर सगळ्या नोडना दिसणारी सामायिक डिस्क. फाइल तिथे आधीच असेल तर पुन्हा पाठवायची नाही. नसेल तेवढीच पाठवायची. सेगमेंट बदलतच नाही म्हटल्यावर आत कुठे फरक पडला ते शोधत बसायची गरजही पडत नाही. सगळ्यात शेवटी रिपॉझिटरीत एक छोटी यादी लिहिली जाते: हा स्नॅपशॉट या या फायलींनी बनलाय.

तीन दिवसांचा हिशेब

हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. सोमवारी तुमच्या शार्डमध्ये तीन सेगमेंट आहेत: क ८ जीबी, ख ३ जीबी, ग १ जीबी. पहिलाच स्नॅपशॉट, म्हणून सगळे १२ जीबी वर गेले.

मंगळवारी थोडा नवा डेटा आला, घ नावाचा अर्ध्या जीबीचा सेगमेंट बनला. मंगळवारच्या स्नॅपशॉटने फक्त घ पाठवला. पण त्याच्या यादीत क, ख, ग, घ अशी चारही नावं आहेत.

बुधवारी मर्ज झाला. ख, ग आणि घ मिळून च बनला. रद्द नोंदी गळाल्या, म्हणून त्याचा आकार ४ जीबी. नवा डेटा जवळपास काहीच नव्हता, तरी बुधवारी ४ जीबी वर गेले, कारण रिपॉझिटरीच्या दृष्टीने च ही नवीकोरी फाइल. बुधवारची यादी: क आणि च.

रिपॉझिटरीत एकूण झाले साडेसोळा जीबी. रोज पूर्ण नक्कल काढली असती तर साडेछत्तीस झाले असते. फायदा उघड आहे.

आता आपल्या श्रोत्याचा प्रश्न. सोमवारचा स्नॅपशॉट डिलीट करा. इंजिन काय बघतं? सोमवारच्या यादीतल्या क, ख, ग यांपैकी कुठली फाइल आता कोणालाच लागत नाही? मंगळवारला तिन्ही लागतात. म्हणून फक्त सोमवारची यादी जाते, फायली जागेवर राहतात. मंगळवार आणि बुधवार शाबूत. मोकळी झालेली जागा मात्र जवळजवळ शून्य.

मंगळवारचाही उडवलात तर ख, ग, घ कोणालाच नकोत. ते जातात आणि साडेचार जीबी सुटतात. क तरीही राहतो, कारण बुधवारला तो हवाच आहे.

बॅकअपच्या जुन्या टेपवाल्या पद्धतीत पहिला पूर्ण बॅकअप आणि त्यावर रोजचे बदल अशी साखळी असायची. एक कडी तुटली की पुढचं सगळं लटकलं. श्रोत्याच्या डोक्यात तेच चित्र होतं, आणि ते इथे लागू नाही. इथे प्रत्येक स्नॅपशॉटकडे स्वतःची पूर्ण यादी असते. पाठवताना तो फक्त नवं पाठवतो, पण परत आणताना कोणत्याही दुसऱ्या स्नॅपशॉटवर अवलंबून नसतो.

पण बादलीत हात घालू नका

माझी खरी काळजी इथे आहे. बिल कमी करायचं म्हटलं की कोणीतरी हमखास सुचवतं, "क्लाउडच्या बादलीवर नियम लावून टाक, ३० दिवसांपेक्षा जुन्या फायली आपोआप डिलीट." दिसायला झकास. पण आपल्या उदाहरणात सगळ्यात जुनी फाइल कोणती? क. आणि ती कोणाला लागते? कालच्या ताज्या स्नॅपशॉटला! फाइल जुनी झाली म्हणजे निरुपयोगी झाली असं इथे नसतं. असा नियम लावलात तर एके दिवशी सगळे स्नॅपशॉट यादीत दिसतील आणि त्यांतला एकही धड रिस्टोर होणार नाही.

जुन्या फायली स्वस्तातल्या, गोठवलेल्या ग्लेशियर प्रकारच्या साठ्यात ढकलायचा नियमही लावू नका. इलॅस्टिकसर्चला तिथून वाचता येत नाही. डिलीट करायचं ते इलॅस्टिकसर्चलाच सांगून करायचं. कोणाला काय लागतं हे त्यालाच माहीत असतं.

याला जोडून आणखी एक. तुमच्याकडे ३० स्नॅपशॉट आहेत म्हणजे डेटाच्या ३० प्रती आहेत असं समजू नका. क ही फाइल रिपॉझिटरीत एकदाच आहे. ती खराब झाली तर तिच्यावर टेकलेले सगळे स्नॅपशॉट एकदम जातात. डेटा खरंच मोलाचा असेल तर वेगळ्या ठिकाणी, शक्यतो वेगळ्या खात्यात, दुसरी रिपॉझिटरी ठेवा. आणि एकाच रिपॉझिटरीत दोन क्लस्टरना लिहू देऊ नका. एकाला लिहायची परवानगी, बाकीच्यांना फक्त वाचायची.

"आमच्याकडे रेप्लिका आहे की!"

हा दुसरा ठरलेला प्रश्न. रेप्लिका मशीन बंद पडल्यावर कामाला येते. पण तुम्ही चुकीचा इंडेक्स डिलीट केलात तर ती आज्ञा रेप्लिकाही तितक्याच निष्ठेने पाळते. जुलै २०२० मध्ये 'म्याव' नावाचा हल्ला झाला होता. इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे पडलेले इलॅस्टिकसर्च आणि मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस कोणीतरी पुसून टाकले आणि मागे 'म्याव' एवढा शब्द ठेवला. खंडणीची मागणीसुद्धा नाही. अशा वेळी पाच रेप्लिका असल्या तरी पाचही साफ.

"मग डेटाची फोल्डर कॉपी करून ठेवली तर?" तेही नको. चालू इंजिनच्या फायली क्षणाक्षणाला बनतात आणि जातात. कॉपी होईपर्यंत यादी आणि फायली यांचा मेळ राहत नाही. अशी कॉपी कदाचित उघडेल, कदाचित उघडणारच नाही, कदाचित उघडेल पण गुपचूप काही नोंदी गायब असतील. शेवटची शक्यता सगळ्यात वाईट. इलॅस्टिकसर्चच्या अधिकृत माहितीतही हा मार्ग चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आता उलटा प्रवास: रिस्टोर

रिस्टोरची आज्ञा दिली की इंजिन त्या स्नॅपशॉटची यादी उघडतं, प्रत्येक शार्ड कुठल्या मशीनवर ठेवायचा ते ठरवतं आणि यादीतल्या फायली खाली उतरवतं. आधी प्रायमरी उभ्या राहतात, मग त्यांच्यावरून रेप्लिका बनतात. शब्दसूची नव्याने करावी लागत नाही, तयार सूचीच परत येते. मूळ डेटावरून सगळं पुन्हा इंडेक्स करण्यापेक्षा हे बहुतेक वेळा लवकर होतं, ते यामुळेच.

चालू असलेल्या इंडेक्सवर त्याच नावाने रिस्टोर होत नाही. तीन वाटा आहेत. जुना डिलीट करा, जुना बंद करा, नाहीतर नव्या नावाने रिस्टोर करा. बंद केलेल्या इंडेक्सवर करताना गंमत अशी की जी फाइल डिस्कवर जशीच्या तशी आहे ती पुन्हा उतरवली जात नाही, फक्त वेगळी असलेली येते. म्हणजे रिस्टोरलाही बदलापुरतंच काम. मात्र शार्डची संख्या जुळायला हवी.

मी सुचवते ती तिसरी वाट. समजा इंडेक्सचं नाव 'पुस्तके'. तो 'परत_पुस्तके' या नावाने रिस्टोर करायचा, नोंदींची संख्या बघायची, ओळखीचे दहा-बारा शब्द शोधून बघायचे, आणि मगच अ‍ॅपचा रोख तिकडे वळवायचा. अ‍ॅप इंडेक्सच्या खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने बोलत असेल तर हे वळवणं एका आज्ञेत होतं. काही बिघडलं तर जुना इंडेक्स तसाच असतो. थोडी जास्त डिस्क लागते, पण रात्री झोप लागते.

वेळेचाही हिशेब करून ठेवा. साध्या सेटअपमध्ये एका नोडची रिकव्हरीची ठरलेली मर्यादा सेकंदाला ४० एमबी असते. ५०० जीबी एका नोडवर आणायचे तर सुमारे साडेतीन तास. तीन नोडवर सारखे वाटले गेले तर साधारण सव्वा तास, आणि त्यानंतर रेप्लिकांचा वेळ वेगळा. मशीन आणि नेटवर्क सोसत असेल तर मर्यादा वाढवता येते. पण हा आकडा साहेबांना आधीच माहीत हवा. ग्राहक फोन करत असताना तो सांगायची वेळ येऊ नये.

आणि एक कटू गोष्ट: स्नॅपशॉट रात्रीचा असेल आणि घोळ संध्याकाळी झाला, तर मधला दिवस स्नॅपशॉटमध्ये नाही. तो मूळ डेटाबेसमधून पुन्हा भरावा लागतो. म्हणून आधी स्वतःला विचारा, किती तासांचा डेटा गेला तर चालेल? उत्तर 'एक तास' असेल तर स्नॅपशॉटही तासाला हवा. तो बदलापुरताच असल्याने हे परवडतंही.

स्नॅपशॉटमध्ये काय येत नाही

नोडच्या कॉन्फिगरेशनच्या फायली येत नाहीत. रिपॉझिटरीची नोंदणी येत नाही, नव्या क्लस्टरवर ती पुन्हा करावी लागते. मराठी सर्च बनवणाऱ्यांनी तर एक गोष्ट नक्की तपासा. 'दवाखाना' शोधल्यावर 'हॉस्पिटल'ही सापडावं म्हणून आपण समानार्थी शब्दांची फाइल बनवतो. ती नोडच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवली असेल तर स्नॅपशॉटमध्ये नसते. नव्या मशीनवर रिस्टोर करायला जाल आणि ती फाइल नाही म्हणून इंडेक्स उघडणारच नाही. या फायली वेगळ्या जपा.

व्हर्जनचंही भान ठेवा. नव्या व्हर्जनवर काढलेला स्नॅपशॉट जुन्या व्हर्जनवर चढत नाही. अपग्रेड करण्याआधी एक स्नॅपशॉट काढायचाच, तो याचसाठी.

रोजचं काम मशीनवर सोडा, तपासणी नको

इलॅस्टिकसर्चमध्ये स्नॅपशॉटचं वेळापत्रक आतच लावता येतं: कधी काढायचा, किती दिवस ठेवायचा, किमान किती आणि कमाल किती. समजा ३० दिवस ठेवायचे, पण ५ पेक्षा कमी कधीच नाहीत आणि ५० पेक्षा जास्त नाहीत. जुने उडवायचं साहेबांचं काम याच मार्गाने करायचं. फक्त हे घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. तुम्ही रात्री दीडची वेळ टाकलीत तर भारतात तो सकाळी ७ वाजता निघेल.

निकालाचा शब्दही वाचत जा. 'सक्सेस' ठीक. 'पार्शल' म्हणजे काही शार्ड राहिले. आणि एखाद्या दिवशी स्नॅपशॉट अचानक फुगला तर घाबरू नका. मोठा मर्ज झाला असेल, किंवा प्रायमरी बंद पडून रेप्लिका प्रायमरी झाली असेल. रेप्लिका आपले सेगमेंट स्वतः बनवते, म्हणून डेटा तोच असला तरी तिच्या फायली वेगळ्या असतात.

शेवटी गिटलॅबचं उदाहरण. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस, सर्चचा नव्हे, पण धडा तोच. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडे चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा गेली. सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. बॅकअप बघायला गेले तर बादली रिकामी! बॅकअपचा प्रोग्राम व्हर्जन जुळत नसल्याने रोज अपयशी होत होता, आणि तसं सांगणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं ते एका वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेल्या डिस्कच्या नकलेने. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपण केलं. म्हणून तर आज आपण त्यातून शिकतोय.

तर आपल्या श्रोत्याला माझा निरोप: पहिला स्नॅपशॉट बिनधास्त उडव, पण इलॅस्टिकसर्चला सांगून. बादलीवर ३० दिवसांचा नियम कोणी लावलेला नाही ना, ते आजच बघ. साहेबांना सांग, बिल उतरेल ते मधले बरेच स्नॅपशॉट गेल्यावर, एकाने नाही. आणि या महिन्यात एक दिवस ठरवून एक इंडेक्स नव्या नावाने रिस्टोर कर, हातात घड्याळ घेऊन. किती वेळ लागला तो कागदावर लिहून ठेव.

तुमच्यापैकी कोणी असं करून बघितलं तर लागलेला वेळ मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!